स्वयंपाकघराची मतं

मार्चच्या पहिल्या मंगळवारी, गावसभा सुरू व्हायच्या आधी, बेव्हने कॉरिनच्या हातात मांस कुटायची लाकडी हातोडी ठेवली. "तीन ठोके मार. मध्ये दम घेऊन. नाहीतर आम्हाला वाटेल हीटरलाच खोकला आलाय."

सभा वर सभागृहात, स्वयंपाक खाली तळघरात. गावसभेच्या दिवशी गावाला जेवू घालायचं काम शाळेच्या बायकांचं. जेवणाच्या पैशातून सहावीची मुलं समुद्र बघायला जातात. म्हणजे खाली बीन्स ढवळणाऱ्या आम्ही सात जणी स्वयंपाकीणही असतो आणि मतदारही. तळघरात फोन लागत नाही. म्हणून वर मत घ्यायची वेळ आली की जिन्याजवळ बसलेल्या बाईने हीटरच्या पाइपवर तीन ठोके मारायचे. आम्ही हात पुसत वर धावायचं, एप्रनला टाचलेलं मतदाराचं गुलाबी कार्ड काढून वर करायचं, आणि मत देऊन परत खाली. माझ्या सासूच्या आधीपासून हे असंच चाललंय. पाइप एरवीही दिवसभर स्वतःशी ठणठणत असतो, पण सावकाश तीन ठोके तो कधी मारत नाही.

"तू वर आहेस म्हणजे काळजी नाही," बेव्ह म्हणाली आणि खाली गेली. कॉरिनने हातोडी मांडीवर घेतली.

त्या दिवशी विषय नंबर आठ होता. टेनी हिलची, म्हणजे आमच्या गावची, शाळा जूनमध्ये बंद करावी, आणि आईबाप ज्या शाळेत घालतील तिथली मुलांची फी गावाने भरावी, की कसे. सातवीपासून तसंही आम्ही हेच करतो, गावात पुढची शाळाच नाही. आता पहिलीपासून करायचं असं शेजारच्या हार्लो गावाच्या रस्त्यावर नवी घरं बांधलेल्यांचं म्हणणं. शाळेत मुलं इनमिन एकतीस, मास्तरणी दोन, आणि स्वयंपाकाला बेव्ह. शाळा गेली की बेव्हची नोकरी गेली, हे कुणी बोलत नव्हतं, कारण सगळ्यांना ठाऊक होतं.

कॉरिन आमच्या डोंगरावर टपाल वाटते. तिची मुलगी जूनी तिसरीत. खरं म्हणजे तिसरी म्हणजेच जूनी. वर्गात दुसरं कुणीच नाही. पहिला नंबर तिचा, शेवटचाही तिचाच. दुसरीत तीन पोरगे, चौथीत दोघे भाऊ, ते एकमेकांना मारण्यात इतके गुंतलेले की तिसऱ्या माणसाची त्यांना गरज पडत नाही. जूनी मधल्या सुट्टीत बेव्हच्या स्वयंपाकघरात बसून गाजरं सोलायची. बेव्ह ते कौतुकाने सांगायची, "पोरगी माझ्या हाताखाली तयार होतेय." कॉरिन हसायची, आणि घरी येऊन गाडीतच थोडा वेळ बसून राहायची.

ऑक्टोबरमध्ये ती जूनीला हार्लोची अकॅडमी, तिथली खासगी शाळा, दाखवायला घेऊन गेली होती. नुसतं बघायला. तिथे मुलींचा गाण्याचा वर्ग चालला होता. एका मुलीने बाकावरचं आपलं दप्तर उचलून खाली ठेवलं आणि जूनीला शेजारी बसायला जागा केली. बास, एवढंच. परतीच्या वाटेवर जूनीने ते दप्तर कुठल्या रंगाचं होतं, त्याला काय काय लटकवलं होतं, हे इतक्या वेळा सांगितलं की शेवटी कॉरिनने रेडिओ लावला. अकॅडमीची फी तिच्या टपालाच्या पगारात बसणारी नव्हती. जूनीचा बाप फ्लोरिडात. नाताळला तो संत्र्यांची पेटी पाठवतो, आणि त्याचं कर्तव्य तिथे संपतं.

बेव्हला यातलं काही माहीत नव्हतं असं नाही. पण कॉरिन कुठल्या बाजूला हात वर करणार हे तिने विचारलं नव्हतं. कॉरिननेही सांगितलं नव्हतं. दोघी पाच वर्षांच्या असल्यापासून एका बाकावर बसलेल्या. काही गोष्टी विचारायच्या नसतात, एवढं शहाणपण त्यांच्यात होतं.

वर काय झालं ते मला नंतर कळलं. निम्मं गाईवाल्या ऑरिनकडून, आणि उरलेलं, म्हणजे खरं, कॉरिनकडून.

चर्चा चांगलीच पेटली. नव्या घरवाल्यांपैकी डेरेक उभा राहिला. शिकलेला माणूस, आवाज शांत, हेच आमच्या लोकांना जास्त खुपतं. "माझा मुलगा पहिलीत आहे. त्याला वाचायला जड जातं. त्यासाठी हार्लोत वेगळ्या बाई आहेत. आपल्याकडे त्या पंधरवड्याने एकदा येतात, बर्फ नसेल तर. ही शाळा वाईट आहे असं मी म्हणत नाही. माझ्या मुलाला ती पुरत नाही, एवढंच म्हणतोय."

ऑरिन स्टॉडर्ड जागेवरूनच ओरडला, "मी त्याच शाळेत शिकलो! माझं काय वाईट झालं?"

"तोच तर प्रश्न आहे, ऑरिन," मागून कुणीतरी म्हणालं, आणि अख्खी सभा हसली. ऑरिन सगळ्यांत जास्त हसला. मग उठला आणि एकदम गंभीर झाला. "शाळा गेली की गावात काय उरेल सांगा. दुकान गेलं. चर्चमध्ये पाद्री महिन्याने येतो. निदान सकाळी त्या पिवळ्या बसचा आवाज येतो, तर कळतं की गावात माणसं राहतात. निवड, निवड म्हणता. पण ज्याच्याकडे सकाळ-संध्याकाळ मूल सोडायला गाडी आहे त्यालाच निवड. बाकीच्यांनी काय निवडायचं?"

"बाकीच्यांची फी गावच भरणार ना!" नव्या घरवाल्यांपैकी कुणीतरी म्हणालं.

"आणि पेट्रोल? तुझा बाप भरेल?"

"ऑरिन," सभाध्यक्ष एव्हरेट म्हणाला, "बाप काढायचे नाहीत. बोलायचं ते माझ्याकडे बघून बोल."

"तुझ्याकडे बघून मला बोलता येत नाही, एव्हरेट. तुझं तोंड बघितलं की मला तुझ्याकडून घेतलेला ट्रॅक्टर आठवतो."

पुन्हा हशा. तेवढ्यात डेरेकच्या बायकोने हात वर केला, "चर्चा पुरे, मत घ्या." याला आमच्याकडे मोठा मान आहे. बाहेर ऊन पडलं होतं, मेपलच्या झाडांतून पाकासाठीचा गोड रस सुटला होता, निम्म्या लोकांचं लक्ष झाडांना टांगलेल्या आपापल्या बादल्यांकडे. सगळ्यांनी घाईने होकार भरला. एव्हरेटने तोंडी मत घेतलं. 'हो'चा आवाज मोठा, 'नाही'चाही मोठा. "काही कळत नाही," तो म्हणाला, "कार्डं मोजू या." मग त्याने जिन्याकडे बघितलं. "कॉरिन, खालच्यांना बोलावलंस?"

कॉरिनच्या हातात हातोडी होती. पाइप हाताशी होता, इतका जवळ की त्याची धग गुडघ्याला लागत होती. खाली सात कार्डं आहेत आणि सातही कुठल्या बाजूची आहेत हे तिला माहीत होतं. तिने ठरवलं नव्हतं काही. ती मला म्हणाली, "मी फक्त म्हटलं, एक क्षण थांबू. एकच." आणि त्या एका क्षणात तिने एव्हरेटकडे बघून मान हलवली. म्हटलं तर हो, म्हटलं तर मान अवघडली म्हणून हलवली.

एव्हरेट थोडा थांबला. पाइप आपला आपणच ठणठणला. कुणाला काय कळणार? "नसतील येत तर बीन्स करपत असतील," तो म्हणाला आणि कार्डं मोजायला माणसं धाडली. कॉरिनने 'हो'ला कार्ड वर केलं. चार मतांनी शाळा बंद झाली. मग एव्हरेटने जेवणाची सुट्टी केली.

खाली आम्हाला ते कळलं ते पहिला माणूस ताट घ्यायला आला तेव्हा. ऑरिनच होता. त्याने ताट पुढे केलं नाही. "तुम्ही सगळ्या कुठे होता?" तो म्हणाला. "अगं, विषय आठ झाला. गेला. चार मतांनी."

बेव्हच्या हातातला डाव तसाच राहिला. मग आम्ही सगळ्यांनी एकाच वेळी मिस पाइककडे बघितलं.

बघायला नको होतं, पण बघितलं. मिस पाइकने आमच्या शाळेत चाळीसेक वर्षं शिकवलं. मला, बेव्हला, कॉरिनला, ऑरिनलासुद्धा, तिच्या म्हणण्याप्रमाणे जेवढं शिकवता आलं तेवढं. आता ऐंशी ओलांडलेली. सकाळी आल्या आल्या तिने पाइपच्या शेजारी खुर्ची टाकली होती. "ठोके मी ऐकेन, तुम्ही गप्पा मारत बसता." त्या खुर्चीवर बसून ती विजेच्या मिक्सरवर जेवणानंतरच्या गोड 'पाय'साठी क्रीम घुसळत होती. कानात ऐकायचं यंत्र होतं.

तिने मिक्सर बंद केला. खरं तर तो केव्हाच बंद झाला होता, तरी तिने बटण पुन्हा दाबलं. "मला ऐकू आलं नाही," ती म्हणाली.

"कुणालाच आलं नाही, मिस पाइक," मी म्हणाले.

"तुम्ही ऐकत नव्हता. मी ऐकत होते. फरक आहे त्यात." मग तिने कानातलं यंत्र काढलं, तळहातावर ठेवलं आणि त्याच्याकडे बघत राहिली, जसं चुकीचं उत्तर देणाऱ्या मुलाकडे बघायची तसं. रागाने नाही. तू असं करशील असं वाटलं नव्हतं, अशा नजरेने.

लोक रांगेत उभे होते. आम्ही वाढत राहिलो. हॅम, बीन्स, काळा पाव. शाळा बंद केलेल्यांना वाढलं, न केलेल्यांनाही वाढलं. डेरेकने ताट घेताना "थँक यू" म्हटलं, आणि त्याला काही सुचेना म्हणून "बीन्स छान दिसतायत" म्हणाला. बिचारा. दिसायला बीन्स कधी छान असतात?

कॉरिन शेवटी खाली आली. बेव्हने तिला कोपऱ्यात ओढलं, पिठाच्या डब्यांमागे. मी तिथेच ताटं पुसत होते.

"तू वाजवलंस ना," बेव्ह म्हणाली. विचारलं नाही, नुसतं म्हणाली. "मला माहीत आहे. मिक्सर चालू होता, चूक आमची. पण म्हातारीकडे बघ. स्वतःला खातेय नुसती. तू असं कर, तिला सांग की तू हळू वाजवलंस. हात दुखत होता म्हण. काहीही सांग. एवढं करशील?"

म्हणजे बेव्ह कॉरिनकडे खोटं बोलायची भीक मागत होती, आणि ते खोटं खऱ्यापेक्षा कितीतरी भलं होतं.

कॉरिन मिस पाइकसमोर जाऊन उकिडवी बसली. "मिस पाइक, माझंच चुकलं. मी फार हळू वाजवलं."

मिस पाइकने यंत्र कानात घातलं. "पुन्हा बोल."

"मी हळू वाजवलं."

"तू?" मिस पाइक म्हणाली. "कॉरिन, तू आयुष्यात काही हळू केलेलं मी बघितलं नाही. डेस्कचं झाकण तू असं आपटायचीस की पहिलीची पोरं रडायची. माझं मन राखू नकोस गं. मी हट्टाने इथे बसले. मला वाटलं, अजून ऐकू येतं." तिने कॉरिनचा हात थोपटला. "जूनीला सांभाळ. आता रोज हार्लोला जावं लागेल पोरीला. थंडीत डबल मोजे घालत जा."

कॉरिन उठली. मला दिसलं की तिने समोरचं ताट उचललं, खाली ठेवलं, परत उचललं. मग काही न खाता वर निघून गेली.

जेवणानंतर सभा भरली तेव्हा आम्ही सातही जणी वर गेलो. आता काय बीन्स करपायचे राहिले होते! भिंतीला टेकून उभ्या राहिलो. मुलंही आली, जूनी 'पाय'च्या ताटल्या गोळा करत खुर्च्यांमधून फिरत होती. एव्हरेटने चष्मा लावला. "विषय नऊ. बर्फात रस्त्यावर टाकायची वाळू आणि मीठ..."

"अध्यक्षसाहेब." कॉरिन उभी होती. "विषय आठ पुन्हा मताला घ्यावा अशी माझी विनंती आहे."

सभेत कुजबुज झाली. एव्हरेटने चष्मा काढला. आमच्याकडे नियम असा, की पुढचा विषय सुरू व्हायच्या आधी झालेलं मत पुन्हा घेता येतं, पण ते मागणारा जिंकलेल्या बाजूचा हवा. हरलेल्यांना मागता येत नाही, नाहीतर आम्ही अजून मागच्या शतकातलेच विषय मोजत बसलो असतो.

"कॉरिन," एव्हरेट हळूच म्हणाला, "हे फक्त 'हो' म्हटलेल्याला मागता येतं."

"मी 'हो'च म्हटलं होतं."

मी बेव्हकडे बघितलं नाही. बघायचं नाही असं ठरवून बघितलं नाही.

"बरं. मग तुला तो हक्क आहे. कारण सांगायची गरज नाही." एव्हरेट चांगला माणूस. त्याने तिला वाट मोकळी करून दिली होती. ती तिथेच खाली बसली असती तरी मत पुन्हा झालंच असतं. मिस पाइक मात्र आयुष्यभर आपल्या कानांना बोल लावत राहिली असती.

"कारण आहे," कॉरिन म्हणाली. "मी पाइप वाजवलाच नाही. तुम्ही विचारलंत तेव्हा मान हलवली, पण वाजवला नव्हता. हातोडी हातात होती. स्वयंपाकघरातल्या कुणाचीही चूक नाही. मिस पाइकची तर अजिबातच नाही."

ती खाली बसली. मग डेरेक उठला, त्याचा शांत आवाज पहिल्यांदाच चढला. "अगं, पण आपण जिंकलो होतो! माझ्या मुलासाठी... तुझ्याही मुलीसाठी! तुला कळतंय का तू काय करतेस?"

"कळतंय," कॉरिन म्हणाली.

"डेरेक, माझ्याकडे बघून बोल," एव्हरेट म्हणाला. पण डेरेक तिच्याकडेच बघत होता, आणि तो काही वाईट माणूस नाही.

मत पुन्हा घ्यायचं ठरलं. कार्डं वर झाली. 'हो' म्हणणाऱ्यांत कॉरिनचा हात होता. खांद्यापर्यंत नव्हे, सरळ वर. एप्रनमधल्या बेव्हच्या समोर. मग 'नाही' आलं, आमची सात कार्डं त्यात. तीन मतांनी शाळा राहिली. टाळ्या झाल्या, पण मोकळ्या नव्हेत. ऑरिनसुद्धा दोनदाच टाळी वाजवून थांबला, आणि आपल्या मेपलच्या झाडांकडे निघून गेला.

मिस पाइक माझ्या शेजारी होती. तिने कानातलं यंत्र चाचपलं. "म्हणजे कान माझे चांगले आहेत," ती म्हणाली. खूश झाली होती. मग थोड्या वेळाने, "अरेरे" म्हणाली. कोणासाठी, ते तिने सांगितलं नाही.

भांडी घासायला कॉरिन खाली आली. आमच्यात कुणाला वाटलं नव्हतं येईल म्हणून. बेव्ह मोरीवर होती. कॉरिनने टॉवेल घेतला आणि तिच्या शेजारी उभी राहिली.

"मत दिलंस ते दिलंस," बेव्ह म्हणाली. "दोन्ही वेळा. ते तुझं. आई आहेस तू, मी पण तेच केलं असतं कदाचित. पण तू मला वर बोलवायला हवं होतंस. मी आले असते, तू माझ्या तोंडावर 'हो' म्हटलं असतंस, आणि मी घरी जाऊन तुला चार शिव्या घातल्या असत्या. आणि गुरुवारी नेहमीसारख्या आपण दोघी बाजाराला गेलो असतो."

"गुरुवारी..." कॉरिन म्हणाली.

"गुरुवारी मला काम आहे," बेव्ह म्हणाली. तिने पुढचं भांडं धुऊन कॉरिनच्या हातात दिलं. तेवढं दिलं.

घरी जाताना रस्त्यात चिखल सुरू झाला होता. बर्फ वितळला की आमचे रस्ते असेच होतात. गाडी पहिल्या गिअरमध्ये रांगते. जूनी पुढच्या सीटवर, मांडीवर उरलेल्या 'पाय'चा तुकडा. तिने सभा अर्धीमुर्धी ऐकली होती, पण मुलं ऐकतात तशी, म्हणजे सगळीच.

"मी हार्लोला नाही ना जायची आता?"

"नाही. सातवीत जाशील."

"तिथे गाण्याला त्या मुलीने माझी जागा दुसऱ्याला दिली असेल."

"असं नाही होत."

"होतं," जूनी म्हणाली. एका वळणावर गाडी घसरली आणि सावरली. "तू पहिल्यांदा माझ्यासाठी हात वर केला होतास?"

"हो."

"आणि दुसऱ्यांदा?"

"तेव्हाही."

"मग पुन्हा मोजायला कशाला लावलंस?"

कॉरिनने सांगितलं. पाइपचं, हातोडीचं, आणि मिस पाइकने यंत्र हातावर घेऊन ठेवलं होतं त्याचं. सांगताना तिला वाटलं की मुलीला समजेल. समजलंही.

"पण आई," जूनी म्हणाली, काही चिडून नाही, नुसतं मांडून बघत होती, "मिस पाइक म्हातारी आहे. तिला थोडेच दिवस वाईट वाटलं असतं. मला अजून तीन वर्षं आहेत."

कॉरिनने गाडी बाजूला घेतली. चिखलात थांबू नये हे आमच्याकडे लहान मुलालाही माहीत असतं, थांबलात की चाकं रुततात. तरी ती थांबली.

"मीही तसंच मांडून पाहिलं होतं, जूनी," ती म्हणाली. "जेवणाच्या सगळ्या सुट्टीभर."

जूनीने मान हलवली. मग 'पाय'चा तुकडा अर्धा करून आईपुढे धरला, आणि कॉरिनने तो घेतला, कारण नको म्हणायला तोंड नव्हतं.